गावात जाणारी गाडी

"मी जरा गावात जाऊन येते," असं आमच्या घरात कुणी म्हणालं, तर ते कुठल्या खेड्याला निघालेलं नसायचं. हातात मंडईची पिशवी असायची आणि डोक्यात यादी: शिंप्याकडचा ब्लाउज, घड्याळाचा पट्टा, तुळशीबागेतली चहाची गाळणी, जमलं तर आजोळी डोकावणं. सहकारनगर ते मंडई हे अंतर आजच्या हिशेबात काहीच नाही. तरी ते गाव होतं आणि आम्ही गावाबाहेरचे. पेठांना 'गाव' म्हणणारी माणसं पुण्याच्या उपनगरांत अजून सापडतात, पण बहुतेक साठीच्या पलीकडची. माझी भाची 'सिटीत' जाते. तेही क्वचित, आणि गेली तर कपाळाला आठ्या घालून परत येते.

गावाबाहेर आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. माणसं वाचली, वाडा बसला. पुढं पूरग्रस्तांना वसवण्यासाठी शहराच्या कडेनं वसाहती झाल्या, त्यांत सहकारनगरात दोन खोल्या वाट्याला आल्या. आजी तिथं तीस वर्षं राहिली, तुळस लावली, नातवंडं वाढवली, शेजारणींशी भांडली. पण बोलताना "इकडे आल्यापासून" हे शब्द शेवटपर्यंत सुटले नाहीत. तिच्या कालगणनेत सनावळ्या नव्हत्याच. काय ते पुराआधी, नाहीतर पुरानंतर.

डॉक्टर, सोनार, देव आणि भाजी हे सगळं मात्र तिनं गावातच ठेवलं होतं. त्यामुळे बस.

आजोबा तिला बस म्हणत नसत, 'सिल्व्हर ज्युबिली' म्हणत. स्वातंत्र्याआधी पुण्यात त्या नावाच्या खासगी कंपनीच्या गाड्या धावायच्या. १९५०मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी तिची बससेवा, पीएमटी, सुरू झाली, तरी आजोबांच्या तोंडून जुनं नाव गेलं नाही. मी लहानपणी त्यांना हसायचे. आता २००७ सालापासून पीएमटीची पीएमपीएमएल झालेली आहे आणि मी पीएमटीच म्हणते. मला कोण हसतं ते माझ्या पाठीमागे हसतं.

बसमध्ये चढायचं मागच्या दारानं, उतरायचं पुढच्या. डावीकडच्या सीट बायकांच्या. छताला लागून एक दोरी पार पुढपर्यंत गेलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ती दोरी ओढायला मिळावी ही माझ्या भावाची सात वर्षांची असतानाची एकमेव महत्त्वाकांक्षा होती. एकदा एका कंडक्टरनं त्याला कडेवर घेऊन ती ओढू दिली. डबल बेल दिल्यावर आख्खी बस आपल्यामुळे हलली, या धक्क्यातून तो दिवसभर सावरला नाही.

मला मात्र तिकिटांचं वेड. कंडक्टरच्या डाव्या हातात तिकिटांची पेटी, तिच्यात वेगवेगळ्या किमतीचे, वेगवेगळ्या फिक्या रंगांचे गठ्ठे आणि उजव्या हातात पंचिंगचा चिमटा. तो रिकामाच चिमटा वाजवत यायचा. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌. बोलायची गरजच नसायची, तो आवाज ऐकून हात आपोआप पैशांकडे जायचे. तिकिटाच्या कडेला बारीक आकडे छापलेले असत. त्यांतल्या नेमक्या एका आकड्यावर भोक पडायचं आणि कागदाची एवढीशी गोल टिकली खाली गळायची. सीटखाली अशा टिकल्यांचा सडा असे. गुलाबी, पोपटी, फिक्या पिवळ्या. मी त्या बोटाला थुंकी लावून उचलायचे आणि कपाळाला लावायचे. आई हातावर फटका मारायची. मी पुन्हा लावायचे.

तिकीट ठेवायच्या जागाही घरातल्या प्रत्येकाच्या ठरलेल्या. बाबांचं घड्याळाच्या पट्ट्यात. आईचं डाव्या हातातल्या बांगड्यांखाली, दुमडून. आजीचं चंचीत, सुपारीच्या सोबतीला. आणि आजोबांचं तिकीट कायम हरवलेलं. त्यांनी चारही खिसे उलटेपालटे केले, कंडक्टर "राहू द्या आजोबा" म्हणाला, की ते टोपीतून निघायचं.

स्वारगेट सुटलं की गाडी बाजीराव रस्त्याला लागायची आणि तिथून नावं सुरू व्हायची. सारसबाग. नातूबाग. शनिपार. मग अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा आणि शेवटी कार्पोरेशन. गाडीच्या पाटीवर म.न.पा. लिहिलेलं असायचं, पण कुठल्या कंडक्टरनं "मनपा" अशी आरोळी दिल्याचं मला आठवत नाही. "कार्पोरेऽऽशन" यातला तो लांबवलेला 'रे' फुटबोर्डावरून सुटून रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा. परतताना मामलेदार कचेरी आली की आजोबा न चुकता सांगायचे, इथं उमाजी नाईकांना फाशी दिलं, १८३२ साली. दर वेळी. मी पाठ म्हणून दाखवलं तरी सांगायचेच. गाडीखान्याबद्दल मात्र त्यांच्याकडे काही गोष्ट नव्हती, म्हणून मी ती करून घेतली होती. रात्री सगळ्या बस तिथं झोपायला जातात, अशी माझी खात्री होती. तिथं होता तो दवाखाना आणि त्याची इमारत एवढी लहान दिसत असूनही.

शनिपाराला आम्ही उतरायचो, मागच्या बोळातल्या आईच्या माहेरी डोकवायचो आणि तुळशीबागेतून चालत चालत मंडईला जायचो. १८८६ची ती आठ कोनी दगडी इमारत, मधोमध मनोरा, पूर्वीचं नाव रे मार्केट. आत शिरल्यावर कोथिंबिरीचा आणि ओल्या पोत्यांचा वास. आई भाजी घ्यायची, म्हणजे तीन गाळ्यांवर भाव विचारून पहिल्याच गाळ्यावर परत यायची.  परतीची गाडी मंडईवरूनच. गाडीखाना, मामलेदार कचेरी, स्वारगेट.

कारण शिवाजी रस्ता एकेरी. गाड्या त्यावरून फक्त दक्षिणेला, स्वारगेटकडे येतात आणि जातात त्या बाजीराव रस्त्यानं. माहितीच्या पाटीवर हे एका बाणानं संपतं. पण लहान मुलाच्या डोक्यात याचा अर्थ फार वेगळा होतो. जाताना दिसलेलं एकही दुकान, एकही देऊळ, एकही झाड येताना पुन्हा दिसत नाही. जायचं गाव निराळं, यायचं गाव निराळं. मधे फक्त तुळशीबाग, बांगड्यांच्या आणि पितळी भांड्यांच्या आवाजाची. मला कितीतरी वर्षं वाटायचं की गाव म्हणजे एक लांब, गोल वळणारा रस्ता आहे आणि बस त्यावरून सरळच जात राहते. कधीही मागे न फिरता घरी पोचते.

हे अज्ञान एकदा भोवलं. सन १९८०, मी अकरा वर्षांची. मामाकडे काहीतरी पोचवायचं होतं, बहुतेक श्रावणातली पुरणपोळी. घरात सगळ्यांनाच काम, म्हणून मला पहिल्यांदा एकटीला धाडलं. तिकिटाचे पैसे रुमालाच्या गाठीत, गाठ मुठीत. जाणं व्यवस्थित झालं. शनिपाराला उतरले, मागच्या बोळात शिरले, डबा दिला, मामीनं दिलेला लाडू खाल्ला. "बसवर सोडायला येऊ का?" असं मामा म्हणाला, तेव्हा मी ऐटीत "नको" म्हणाले. आणि आले तशीच परत गेले. बोळातून शनिपाराला, जिथं उतरले होते तिथंच, त्याच खांबापाशी उभी राहिले.

गाड्या येत होत्या. चिक्कार येत होत्या. प्रत्येक गाडीला मी विचारत होते, "सहकारनगर?" आणि प्रत्येक कंडक्टर मान हलवत होता. एकानं हातानं पलीकडे कुठंतरी दाखवलं, मी तिकडं बघितलं, तर तुळशीबागेतली गर्दी. चार वाजून गेले, पाच व्हायला आले. मी रडत नव्हते, हे मला नीट आठवतं, कारण न रडण्याकडेच माझं सगळं लक्ष होतं. रुमालाची गाठ घामानं भिजली होती.

फुटपाथावर पोतं अंथरून एक बाई लिंबं आणि आलं विकत बसली होती. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं असणार. शेवटी म्हणाली, "ए बाय, किती येळ झाला हुबी हाईस. कुठं जायचंय?"

मी सांगितलं.

"आगं, हितनं समद्या गाड्या तिकडंच जात्यात. माघारी येत न्हाईत. माघारीची गाडी त्या आंगाला, मंडईला."

"पण मी इथंच उतरले होते."

"उतरलीस हितं. चढायचं तितं." आणि मग, मला काही कळलेलं नाही हे बघून, तिनं चार लिंबं उचलली आणि पोत्यावर एक चौकोन मांडला. ही मंडई. ही तुळशीबाग. हा शनिपार. हे स्वारगेट. मग आल्याचा एक तुकडा घेऊन तो शनिपाराच्या लिंबापासून वर नेला, वळवला आणि मंडईच्या लिंबावरून खाली स्वारगेटपर्यंत आणला. "ही तुजी गाडी."

पुण्याचा नकाशा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो असा. त्यानंतर छापील पाहिले, भिंतीवरचे पाहिले, आता फोनमध्ये रोज बघते. पण डोळे मिटून गावाचा विचार केला, तर अजून त्यात लिंबंच दिसतात.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारात. फटका बसला, मग जवळ घेतलं, हा क्रम नेहमीचाच. आजी तेवढी म्हणाली, "मंडईचा थांबा ठाऊक नाही? इकडे वाढलेली मुलं ही." दोष मुलीचा नव्हता, पुराचा होता.

आता, बसबद्दल लिहायला बसलं की हात हळवा होतो, म्हणून दुसरी बाजूही लिहून टाकते. कॉलेजच्या दिवसांत गर्दीच्या गाडीत आम्ही मुली ओढणीला सेफ्टी पिन लावायचो ती फक्त ओढणी सरकू नये म्हणून नव्हे. पिन कुठं आणि कशी टोचायची हे एकमेकींना शिकवलेलं होतं. बायकांच्या सीटवर बसलेल्या पुरुषाला उठवणं ही रोजची परीक्षा असायची. आणि पावसाळ्यात खिडक्या बंद, भिजलेल्या रेनकोटांचा वास, कुणाच्या तरी छत्रीचं पाणी बरोबर आपल्या चपलेत. 'ते दिवस किती छान होते' असं मला कुणी म्हणालं की मी विचारते, तुम्ही उभ्यानं जायचात की बसून?

आम्ही बस सोडली ती काही या त्रासाला कंटाळून नाही. बाबांचा नंबर लागला, म्हणून सोडली. १९७२ साली आकुर्डीला चेतक बनू लागली. त्याच साली पुण्याच्याच फिरोदियांची लूना आली. सायकलींचं शहर दोन पावलांवर बनणाऱ्या या गाड्यांवर भाळलं नसतं तरच नवल. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. बाबांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत गेले नव्हते, आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी नववीत होते. तिला हार घातला, नारळ फोडला, बाबांनी आजीला मागे बसवून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. त्या आठवड्यापासून आमच्या घरातलं "गावात जाऊन येते" बदललं. "तुम्ही निघालात की मला मंडईला सोडा" असं झालं.

बाबा आजोबांबरोबर लहानपणी आर्यनला सिनेमे बघायचे. मंडईशेजारचं ते चित्रपटगृह १९१५चं. मूकपटांच्या काळातलं, पुण्यातलं पहिलं कायमचं. १९८३ला ते बंद झालं आणि पुढे तिथं वाहनतळ आला. जवळच्या मिनर्व्हाचंही तेच झालं. म्हणजे ज्या जागी बाबा अंधारात हात धरून बसायचे, बरोबर त्या जागी कुठंतरी त्यांनी पुढं वीस वर्षं स्कूटर लावली. याचं त्यांना वाईट वाटायचं का? मी एकदा विचारलं. "वाईट कशाचं, जागा मिळाली ना," म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "पडदा त्या अंगाला होता." पावती मात्र ते खिशात न ठेवता घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे.

गंमत अशी की लोक आजही म्हणतात, "गाडी आर्यनला लाव. नाहीतर मिनर्व्हाला बघ." विशीतली पोरंसुद्धा म्हणतात. त्यांना वाटतं ही वाहनतळांचीच नावं आहेत, आणि आता ती आहेतही. पुण्यातल्या थांब्यांचं सगळं असंच आहे. नळ स्टॉपला नळ शोधायला जाऊ नये. अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाच्या चौकात पुस्तकांची दुकानं आहेत आणि मुलं त्याला एबीसी म्हणतात. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. तरी परवाच एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "शिवाजीनगर स्टँड म्हणजे, वाकडेवाडीचं ना?" वस्तू हलते, पडते, विकली जाते, आणि नाव तिथंच फुटपाथावर उभं राहतं, गाडीची वाट बघत. माझ्या लिंबाच्या नकाशासारखं. लिंबं त्या बाईनं संध्याकाळी विकली असतील.

आजोळचा वाडा १९९४मध्ये पडला. पडला म्हणजे पाडला. सगळे भाडेकरू, सगळे वारस एकदाचे एकमतावर आले आणि बिल्डरनं पाच मजली इमारत उभी केली. खाली दुकानं, वर फ्लॅट. मामानं फ्लॅट घेतला नाही. पैसे घेऊन तो सिंहगड रस्त्याला गेला, मावशी बिबवेवाडीला, थोरला मामेभाऊ कोथरूडला. त्या दहा-पंधरा वर्षांत पेठांतली किती बिऱ्हाडं अशी कडेकडेनं पसरली याला गणती नसेल. आम्हाला पुरानं बाहेर काढलं. ह्यांना कुणी काढलं नव्हतं. शेजारीपाजारी सगळे गेल्यावर गावात गावातला माणूस उरला नाही. दिवसभर गिऱ्हाईक, रात्री शटर. मामा सिंहगड रस्त्याच्या गॅलरीत उभा राहून म्हणाला होता, "इथून गावात जायला गाडी कुठली गं?" त्याच्या तोंडी तो शब्द पहिल्यांदाच आला असणार. शनिपाराला राहणारा माणूस गावात कशाला जाईल?

पुण्यात एकेकाळी दुमजली बसही होत्या, हे भाचीला सांगितलं तर मी मुंबईचं काहीतरी सांगतेय असा ती चेहरा करते. मी वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी बसल्याची एकच आठवण आहे, पुणे स्टेशनहून परतताना. फांद्या काचेवर आपटत होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकांची घरं सरळ आपल्या डोळ्यांच्या पातळीवर. सज्जातल्या दोरीवरचं वाळत घातलेलं धोतर, खिडकीत बसून वेणी घालणारी बाई, एका म्हाताऱ्याच्या हातातला पेपर. ते पहिल्या मजल्यावरचं पुणे त्यानंतर मला चाळीसेक वर्षं दिसलं नाही. मग दिसलं ते लक्ष्मी रस्त्यावर.

२०२१पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक मोठा टप्पा वाहनांना बंद असतो. मी मुद्दाम गेले. विसर्जन मिरवणूक सोडली, तर त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहायची सोयच नाही. तिथं मुलं खडूनं रांगोळ्या काढत होती, कुणीतरी ढोल वाजवत होतं, आणि मी वर बघत होते. दुकानांच्या झगमगत्या पाट्यांच्या वर, बरोबर हातभर वर, ते सगळं होतं. लाकडी सज्जे, कोरलेले खांब, मोडकी झडप, एका ठिकाणी चक्क कुंडीत तुळस. रोज ज्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून जातो, त्या रस्त्याला पहिला मजला आहे हे मी विसरूनच गेले होते. एक गृहस्थ मला धडकले. तेही वरच बघत होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये पेठांतून फिरणाऱ्या लहान एसी बस आल्या होत्या, 'पुण्यदशम'. तेव्हा दहा रुपयांत दिवसभर कितीही वेळा बसता यायचं. आई तेव्हा सत्याहत्तरची, बाबा जाऊन चार वर्षं झालेली, गुडघे दुखणारे. मी तिला घेऊन गेले. एक फेरी झाली, शेवटच्या थांब्यावर मी उठले. आई उठेना. "तिकीट दिवसभराचं आहे ना?" म्हणाली. आम्ही त्याच गाडीतून दुसरी फेरी केली. तिला कुठंही उतरायचं नव्हतं, काही घ्यायचं नव्हतं. ती फक्त नावं घेत होती. ही अमकीची शाळा. इथं तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा बघितलं, म्हणजे मी त्यांना, त्यांनी नाही. इथं दवाखाना होता, तू इथंच. तिसऱ्या फेरीला मीच कंटाळले.

आणि मग मेट्रो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी तीन स्थानकं जमिनीखाली आली. खरं सांगायचं तर मला ती आवडते. लिफ्ट आहे, थंडगार आहे, आणि आईला फुटबोर्डाची ती गुडघ्याइतकी उंच पायरी चढावी लागत नाही. स्वारगेटला बसलो. दारं मिटली, काळोख आला, काचेत आपलेच चेहरे दिसले. आईनं पिशवी मांडीवर घेतली, पदर नीट केला, आणि ती काही बोलणार एवढ्यात मंडई आली.

"आलं?"

"आलं."

"आणि मधलं?"

मधलं वर होतं. मामलेदार कचेरी, उमाजी नाईक, माझ्या झोपलेल्या बसचा गाडीखाना, सगळं डोक्यावरून गेलं होतं. आम्ही सरकत्या जिन्यांनी वर आलो, उजेडात उभ्या राहिलो आणि आई गोंधळली. एक्क्याऐंशी वर्षांतली साठ वर्षं ज्या जागेत भाजी घेतली, तिथं ती हरवली, कारण आयुष्यात पहिल्यांदा ती मंडईला जमिनीतून आली होती. स्वारगेट कुठल्या अंगाला, हे तिला उमजेना. एवढ्यात मनोरा दिसला. तिनं त्याला उजव्या हाताला घेतलं, जरा फिरली, आणि मग झपाझप पुढं निघाली. मी मागे.

भाजी झाली. तीन गाळे, मग पहिलाच गाळा. तुळशीबागेत गाळणी घेतली, घरात चार असताना. मी म्हटलं, चल, मेट्रोनं दहा मिनिटांत स्वारगेट. तर म्हणाली, "ती माघारीची गाडी नव्हे."

म्हणून मंडईचा थांबा. फुटपाथावर मोबाईलच्या कव्हरांची गाडी लागलेली, थांब्याच्या आडोशाला तीन दुचाकी, बसायच्या जागेवर कुणाचं तरी कुरिअरचं खोकं. वीस मिनिटं उभ्या राहिलो. गाडी आली तेव्हा ती थांब्यापासून जरा पुढे थांबली, आम्ही घाईनं गेलो, आणि कंडक्टरनं आईला हात दिला. पंचविशीतला पोरगा, बोलण्यावरून मराठवाड्यातला. डावीकडची एक मुलगी उठली, आई बसली. पोरगा मशीन घेऊन आला. ती तिकिटं आता वाजत नाहीत, नुसतीच सुरकन बाहेर येतात.

"कुठून बसलात, आजी?"

"गावातून."

त्याचा अंगठा मशीनवर तसाच राहिला. "कुठलं गाव?"

आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. बाहेर गाडीखाना येत होता.

"मंडई," मी म्हटलं. "दोन स्वारगेट द्या."

तिकिटं आली, पांढरी, पातळ, कडेनं वळलेली. आईनं तिचं चार वेळा दुमडलं आणि डाव्या हाताच्या एकुलत्या बांगडीखाली सरकवलं. ते राहीना. तिनं ते काढलं, आणखी एक घडी घातली आणि पुन्हा सरकवलं.